आखाजीची गाठ

चैत्र सरत आला की उंबरटीच्या केळीत वारा शिरत नाही. वर पानांचं दाट छप्पर, खाली ठिबकच्या नळ्यांची ओल, आणि मधे नुसती वाफ. त्या वाफेत ताईबाई सकाळी सातपासून वाकलेली होती. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कोयत्याने छाटायची, बाजूला टाकायची, पुढच्या बुडाकडे सरकायचं. वय बासष्ट. अंगात साडी, साडीवर मुलाचा, दीपकचा, जुना शर्ट, आणि त्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. चीक एकदा लागला की लागला. धुवायला जावं तर आणखी काळा पडतो.

बारा बायांची टोळी होती आणि ताईबाई टोळीची मुकादमीण. मळा हेमराजचा. हेमराज म्हणजे उंबरटीतला आजचा मोठा माणूस. बापाच्या वेळी चार एकर होतं, आता गावच्या निम्म्या केळीचा माल त्याच्याच हाताने भरला जातो आणि ट्रकने रावेरकडून पुढे कुठल्या कुठे जातो. आता त्याला वाईट म्हणावं तर तसाही नाही. कुणाच्या मयतीला सगळ्यात आधी, लग्नाला सगळ्यात शेवटपर्यंत. फक्त आपलं बोलून झालं की दुसऱ्याचं ऐकायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी तो मोटारसायकलवर बांधाला आला आणि बसल्या जागेवरून म्हणाला, "बायाहो, आखाजी झाली की पॅकिंग निंबाखाली. शेड उभं करू राह्यलो. खाली काँक्रीट, वर पत्रे, पंखे. उन्हातनं सुटशाल बठ्ठ्या."

बाया खूश झाल्या. का होणार नाहीत? चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात केळीच्या फण्या पुसून कॅरेटात भरायच्या, तर पंखा कुणाला नको असतो. ताईबाईने मात्र कोयता खाली ठेवला आणि कंबरेवर हात देत सरळ झाली.

"आन् पोरं?"

"कोनती पोरं?"

"गावातली. निंबाखाली खेयतात ती."

"त्यायचं काय मावशी, पोरं कुठीबी खेयतात."

"कुठीबी म्हनजे कुठी? जागा सांग नं मले."

हेमराजने गॉगल कपाळावर सरकवला आणि हसला. "काय मावशी, तुमालेच अजून लंगडी खेयाची हाये का?"

अकरा बाया हसल्या. मालकाने केलेल्या थट्टेला हसावंच लागतं. पण ताईबाईला राग त्यांचा आला नाही. तिच्याही तोंडावर हसू आलं होतं, आणि ते दिवसभर तिला खात राहिलं. बासष्ट वर्षांची बाई, सगळ्यांदेखत आपल्याच फजितीला दात काढते. कोयता तिने उचलला आणि पुढची दोन पिलं गरजेपेक्षा जोरात छाटली.

निंबाखालचं पटांगण म्हणजे उंबरटीची गावठाणाची जागा. मधे निंब, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. त्याच्याखाली गावची चार पिढ्यांची पोरं विटीदांडू, लंगडी, आट्यापाट्या खेळून मोठी झाली. हेमराज तिथेच खेळला होता. गेल्या पोळ्याला त्याने तिथे दहा प्लास्टिकचे कॅरेट ठेवले, 'दोन दिवसांसाठी'. मग दहाचे शंभर झाले, मग काटा आला, मग ट्रॉली उभी राहायला लागली. बोट धरू दिलं की मनगट धरायचं, दुसरं काय. पंचायतीत त्याचा ठराव झाला म्हणे. कधी झाला, कोण हजर होतं, ते विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

पोरं आधी पटांगणाच्या कडेला सरकली, मग देवळाच्या ओट्यावर. तिथून पुजाऱ्याने हाकललं. शाळेच्या फाटकाला शाळा सुटली की कुलूप. शेवटी राहिला तो डांबरी रस्ता.

माघ महिन्यात त्याच रस्त्यावर ताईबाईची नात खुशाली खडूने घरं आखून ठिकरी खेळत होती. नऊ वर्षांची पोर. एका पायावर उडी घेताना तिची पाठ ट्रॅक्टरकडे होती. ट्रॉली कॅरेटने डोक्याएवढी भरलेली, मागचं काही दिसत नव्हतं, आणि ट्रॅक्टर मागे घेणारा माणूस होता तिचाच बाप.

दीपक हेमराजकडे सालदार होता. ट्रॅक्टर त्याच्याच ताब्यात. चाक पोरीच्या पावलाच्या कडेवरून गेलं, दोन हाडं मोडली. फैजपूरच्या दवाखान्यात हेमराज स्वतः धावत आला, सगळं त्यानेच निस्तरलं, आणि तिथेच दीपकचं तोंड कायमचं बंद झालं. त्या दिवसापासून दीपकला एक खोड लागली. ट्रॅक्टर मागे घ्यायचा असला की तो आधी खाली उतरतो, ट्रॉलीच्या मागे जाऊन वाकून पाहतो, मग परत चढतो. भर शेतात, जिथे चिटपाखरू नाही, तिथेही उतरतो. बाकीचे गडी हसतात. ताईबाईने एकदा ते लांबून पाहिलं आणि डोक्यावरचा चाऱ्याचा भारा तसाच घेऊन ती उभी राहिली होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर दारात खुशाली आणि तिची मैत्रीण चेलना गजगे खेळत बसल्या होत्या. चेलना म्हणजे भिकमचंद शेठची नात, गावातलं किराणा आणि शेतीसामानाचं दुकान त्यांचं. खुशालीचं प्लॅस्टर निघून दहा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, चालव, पळव, काही होत नाही. पण पोर उंबऱ्यापुढे जायला तयार नव्हती.

"मला वीसच मिनिटं आहेत," चेलना हातातल्या घड्याळाकडे पाहत म्हणाली. "मग गणिताचा क्लास."

"सुट्टी लागली नं वं?"

"सुट्टीतलाच आहे आजी. पुढच्या वर्षीचं आत्ताच शिकवतात."

ताईबाई काही बोलणार तेवढ्यात गल्लीतून मोटारसायकल आली. दोघी पोरींनी पाय आत ओढून घेतले. वर पाहिलं नाही, खेळ थांबवला नाही. गजगा वर उडालेला, तो खाली यायच्या आत पाय आत. गाडी गेली, पाय परत बाहेर. इतकं सवयीचं झालं होतं त्यांना ते. ताईबाईला वाटलं, या पोरी रडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तरी मला एवढं लागलं नसतं.

रात्री जेवताना दीपक खालमानेने म्हणाला, "माय, तू आज मळ्यात काही बोलली म्हने."

"बोलली."

"नको बोलू. आखाजीले माह्यं साल बदलते. त्यानं दुसरा ड्रायव्हर पाह्यला तं मी कुठी जाऊ?"

खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. त्या दिवशी मालकाच्या घरी रसपोळी जेवला की पुढचं साल पक्कं. नाही बोलावलं तर समजून घ्यायचं.

"मी कायले बोलू?" ताईबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "मी झोका बांधनार हाये."

दीपकने वर पाहिलं.

आखाजीला लेकी माहेरी येतात आणि झोके बांधतात, हे सगळ्या खान्देशात आहे. उंबरटीत त्याला आणखी एक जोड होती. निंबाचा झोका माहेरवाशिणीनेच बांधायचा आणि जिने बांधला तिनेच, सासरी जायच्या दिवशी, सोडायचा. झोका टांगलेला असेल तोवर निंबाखाली चाक येत नाही, बैल सुटत नाहीत, खळं पडत नाही. दोर कापला तर भावाबहिणीचं येणंजाणं तुटतं. आजवर कुणी कापून पाहिला नव्हता, त्यामुळे खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. गेली चार-पाच वर्षं झोका बांधलाच गेला नव्हता. लेकी यायच्या, मोबाइल बघायच्या, जायच्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी ताईबाई भिकमचंद शेठच्या दुकानात गेली. गल्ल्यावर सायरबाई होती, शेठची बायको. सत्तरीची, डोक्यावर पदर, चष्म्याला दोरी.

"नाडा हाये का? जुना, मोटेचा होता तसा."

"विहिरीवर मोट राहिली नाही, नाड्याचं काय करता ताईबाई?"

"निंबाले झोका."

सायरबाईने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून आतल्या कोठीत गेली. बराच वेळ खुडबुड झाली. मनगटाएवढ्या जाडीच्या नाड्याचं वेटोळं ती स्वतः ओढत घेऊन आली, कुणा गड्याला हाक मारली नाही. साडीला धूळ लागली होती.

"आमच्या माहेरी तीजेला घालायचे झोका. मी एवढी उंच जायची की बापूजी खालून रागवायचे." ती परत गादीवर टेकली. दम लागला होता. "आता चेलना म्हणाली खेळायला जाऊ का, तर घरात सगळे विचारतात, खेळून काय मिळतं. मी म्हणते, न खेळून तुम्हाला काय मिळालं ते तरी सांगा."

"मग उद्या पाठवा तिले."

"पाठवते. क्लासवाल्याला मी बघते." आणि नाड्याचं वेटोळं तिने ताईबाईकडे ढकललं. "हे दुकानाचं नाही, माझं आहे. उचला."

संध्याकाळी ताईबाई टोळीतल्या चार बाया घेऊन निंबाखाली गेली. कॅरेटच्या थप्प्या उभ्या होत्या, खोडाला टेकूनच. तिने पदर खोचला आणि पहिली थप्पी उचलून कडेला नेली. मग दुसरी. बाया आधी बघत राहिल्या, मग हात लागले. गल्लीतल्या बाया, पोरं कुठून कुठून गोळा झाली. तासाभरात निंबाभोवती अंगण मोकळं झालं आणि तेवढ्यात हेमराजची गाडी आली.

गाडीतून तो उतरला, त्याची म्हातारी आई अक्का उतरली, आणि बहीण ज्योत्स्ना. ज्योत्स्ना धुळ्याला दिलेली, सोळा वर्षं झाली. कालच आली होती.

हेमराजने हलवलेल्या थप्प्या पाहिल्या. कपाळाला आठी पडली. पण समोर पंधरा-वीस बाया, गावची पोरं, शेजारी आई, बहीण. अशा वेळी मोठ्या माणसाला मोठंच व्हावं लागतं.

"बांधा, बांधा," तो म्हणाला. "सन हाये. तीन दिवस बिनधास्त खेया. तिसऱ्या दिवशी शेडवाले येऊ राह्यले, तवा सोडून टाका." आणि मग त्याला आणखी उदार वाटलं. "ज्योत्स्ना, पहिली गाठ तुही. मावशी, दोर तिच्या हाती द्या."

ताईबाईने दोर दिला. मनात काही डाव होता म्हणाल तर नव्हता. तिला झोका हवा होता, कुणाही लेकीच्या हाताने का असेना. एक पोरगा सरसर निंबावर चढला, नाडा फांदीवरून खाली सोडला, आणि ज्योत्स्नाने गाठ मारली. एक नाही, एकावर एक तीन. हेमराजने फोटो काढला. रात्री तो त्याच्या स्टेटसला होता: 'बहिणीच्या हातची आखाजीची गाठ. परंपरा जपली पाहिजे.' गावात ज्याच्याकडे मोबाइल होता त्या प्रत्येकाने तो पाहिला.

आखाजीच्या दिवशी घराघरात घागर भरली, पितरांना नैवेद्य दाखवला, खापरावरचे मांडे झाले, रस झाला. दीपकला हेमराजकडून बोलावणं आलं. तो नवा शर्ट घालून गेला आणि जेवून आला. साल पक्कं झालं होतं. घरी आल्यावर त्याने ते आईला सांगितलं, आणि ताईबाई "बरं झालं" म्हणाली. खरंच बरं झालं होतं. घर त्यावरच चालत होतं.

चार वाजता ऊन जरा कलल्यावर निंबाखाली अशी गर्दी झाली की विचारू नका. लेकी दोन-दोन उभ्या राहून झोके चढवत होत्या. पोरांनी कडेला आट्यापाट्या आखल्या. चेलना क्लासचं दप्तर पाठीवर घेऊनच झोक्यावर बसली आणि खाली उतरायला तयार होईना. सायरबाई ओट्यावर बसून तिला 'आणखी वर' अशी हाताने खूण करत होती.

खुशाली मात्र निंबाच्या मुळावर पाऊल पोटाशी घेऊन बसली होती. कितीही हाका मारल्या तरी उठली नाही.

ज्योत्स्ना घामाघूम होऊन झोक्यावरून उतरली आणि ताईबाईजवळ येऊन बसली. "मावशी, किती वरीस झाले मले असं हसून," ती म्हणाली. "धुळ्याले चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही. खाली बठ्ठ्या गाड्या. भिंतीवर पाटी लावेल शे, इथे खेळू नये. माहे दोघं पोरं पाटी वाचून वर येतात आन् मोबाइल घेऊन बसतात. मी रागावते. पन रागावून पाठवू कुठी?"

अक्का निंबाखाली टाकलेल्या खाटेवरून म्हणाली, "पाहा, ही आता 'हाये' सोडून शे-शे कराले लागली."

"सोया वरीस झाले माय, लागनारच." मग तिची नजर खुशालीच्या पायावर गेली. "दादा सांगे, दीपकच्या हातून झालं म्हने."

ताईबाई उठली, ज्योत्स्नाचं मनगट धरलं, आणि तिला रस्त्याच्या कडेला घेऊन गेली. डांबरावर खडूच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या, तरी जागा तिला पाठ होती. "अठी पोर होती. तठून ट्रॉली आली. ट्रॉलीत तुह्या भावाचे कॅरेट होते, म्हनून मागचं दिसलं नही. निंबाखाली तुह्या भावाचे कॅरेट होते, म्हनून पोरी रस्त्यावर होत्या. माह्या दीपकच्या हाती नुसतं स्टेरिंग होतं, बाई. आन् झोपेत दचकून उठते तो. तुहा भाऊ नही उठत."

पाठोपाठ खुशाली लंगडत आली होती. ती म्हणाली, "माही चूक नव्हती आत्या. घरं मी बरोबर आखली होती. एका बाजूनं."

ज्योत्स्नाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून हेमराजच्या दारात धुळ्याची गाडी उभी होती. अकराच्या सुमारास ज्योत्स्ना साडी नेसून, कुंकू लावून, सांजोऱ्यांचा डबा घेऊन निघाली. रस्ता निंबावरूनच. तिथे हेमराज वाट पाहत उभा. पाठीमागे शेडच्या लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रक, त्यामागे दीपक ट्रॅक्टरवर, ट्रॉलीत सिमेंट. ताईबाईच्या टोळीतल्या बाया कामाला जाता जाता थांबल्या होत्या. झोक्यावर दोन पोरी होत्या, त्या उतरल्या नाहीत.

"सोड बाई गाठ," हेमराज म्हणाला. "ड्रायव्हर खोयंबला हाये."

ज्योत्स्ना दोराजवळ गेली. तीनही गाठींवरून हात फिरवला, ओढून पाहिल्या. घट्ट होत्या. मग ती मागे वळली.

"नही सोडत."

"म्हनजे?"

"दादा, गाठ मनी शे, मी बांधेल शे." सासरची बोली तिच्या तोंडून आपोआप आली, आणि आवाज अगदी शांत होता. "मी जवय ईसू, तवयच सोडसू."

"कवा येशीन?"

"दिवायीले पाहू. नही तं पुढच्या आखाजीले. सासू धाडीन तवा."

"ज्योत्स्ना, थट्टा करू नको. लोकं उभे हायेत."

"म्हनूनच सांगू राह्यली, लोकायदेखत. तू लहान होता तवा या निंबावरनं पडला होता दादा. डोकं फुटलं, तरी दुसऱ्या दिवशी परत चढला. तवा बापानं निंब नही तोडला." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "आन् दोर कापला तं राखीची वाट पाहू नको."

ती आईच्या पाया पडली, ताईबाईच्या पाया पडली, गाडीत बसली. गाडी गेली.

ट्रकच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. हेमराजची मान लाल झाली होती. तो टोळीकडे आला, एका बाईच्या हातातला कोयता घेतला आणि दोन पावलं निंबाकडे टाकली. मग थांबला. खाटेवर अक्का बसली होती, त्याच्याकडे बघत. हेमराजने कोयता हातात फिरवला. आणि त्याला सुचलं.

"दीपक, इकडे ये."

दीपक ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला. सवयीने ट्रॉलीच्या मागे जाऊन पाहून आला, मग पुढे आला.

"तुले बहीन नही नं?"

"नही, भाऊ."

"मग तुले काही लागत नही. घे. तू काप."

कोयता दीपकच्या हातात आला. खरं होतं ते, ताईबाईला लेक नव्हती. एक झाली होती, सव्वा महिन्याची होऊन गेली. रीतीचा धाक दीपकला लागू नव्हता आणि साल परवाच पक्कं झालं होतं. त्याने आज पोटासाठी कापलं तर आपण काय म्हणणार? आपणही त्या दिवशी मळ्यात हसलोच होतो.

दीपक झोक्याजवळ गेला. झोक्यावरच्या पोरी दोर घट्ट धरून बसल्या. तो दोराकडे बघत होता, मग त्याची नजर मुळावर गेली. खुशाली तिथेच बसली होती, पाऊल पोटाशी. त्याच्याकडे बघत होती. हातातल्या कोयत्याकडे नाही, त्याच्याकडे.

दीपक परत फिरला.

"बहीन नही, भाऊ," तो म्हणाला. "पोरगी हाये."

त्याने कोयता कॅरेटवर ठेवला. मग खिशात हात घालून ट्रॅक्टरची चावी काढली आणि कोयत्याशेजारी ठेवली. चावीला बांधलेलं लाल गोंड्याचं फुंदं पोळ्याला त्यानेच आणलं होतं. ते त्याने सोडून घेतलं आणि खिशात टाकलं.

"समजलं का, काय करू राह्यला?" हेमराज म्हणाला. "साल गेलं तुह्यं."

"समजलं."

"उद्या माह्या दारी येऊ नको."

"नही येत."

हेमराजने कोयता स्वतः उचलला. निंबाच्या मुळावर एक पाय दिला, हात वर केला.

"हेमराज," अक्का खाटेवरूनच म्हणाली. "तो फोटू बठ्ठ्या गावाच्या मोबाइलात हाये. बहिनीच्या हातची गाठ. तूच टाकला."

हात वरच राहिला. टोळीतल्या एकीने तोंडाला पदर लावला, दुसरीने नुसतं दुसरीकडे पाहिलं. आज त्यांना हसू आलं ते मालकाच्या थट्टेवर नव्हतं. हेमराजने कोयता खाली घेतला आणि ज्या बाईचा होता तिला, तिच्याकडे न बघता, परत दिला.

ताईबाई पुढे झाली. "तुह्या घराम्होरचं खयं रिकामं पडेल हाये हेमराज. दीड एकर. कुंड्या ठेवल्या तू तठी. तठी बांध शेड. तठी कोनी खेयत नही."

"मावशी, तुमी उद्यापासून कामाले..."

"नको बोलावू." ती त्याचं वाक्य पुरं होऊ देणार नव्हती. "पन तुह्या वरच्या मळ्यातले घड कापाले आले हायेत. त्यायले थांब म्हनून सांगून ठेव. ऐकत असले तं पाहा."

टोळीतल्या बाया तिच्या मागे उभ्या होत्या. एकही मळ्याकडे निघाली नव्हती. हेमराजने त्यांच्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. कापणीला आलेली केळी किती दिवस थांबते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"खयात घे," तो ट्रकवाल्याला म्हणाला, आणि घरापुढच्या खळ्याकडे चालत निघाला. ट्रक त्याच्यामागून वळला.

ट्रॅक्टर तिथेच राहिला. चावी कॅरेटवर. तिला कुणी हात लावला नाही.

ताईबाईला आता भीती वाटायला लागली होती. उद्या सकाळी घरात काय शिजणार, दीपकला कोण कामाला लावणार, सगळं एकदम डोक्यात आलं. पण पाय मागे घ्यावा असं काही केल्या वाटेना. तिने पदर खोचला आणि उरलेल्या थप्प्यांतले कॅरेट दोन-दोन करून रस्त्याच्या कडेला न्यायला लागली. बाया आल्या, पोरं आली. पाठ ठणकत होती, ठणकू दे म्हणाली.

मागे वळून पाहिलं तर झोका रिकामा होता आणि खुशाली त्याच्याकडे निघाली होती. पाय अजून जरा ओढत होती. फळीवर एक पाय ठेवला, बरा असलेला, मग दुसरा. उभी राहिली. दोन्ही हातांनी नाडा धरला. दीपक तिच्यामागे जाऊन उभा राहिला, आणि ढकलायच्या आधी, सवयीने, मान वळवून मागे पाहायला लागला. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं.

"पप्पा, मागं नका पाहू," खुशाली म्हणाली. "मागं कोनी नही. ढकला."

दीपकने ढकललं.